चार वाट्या तांदूळ, चार किलो तांदूळ: नाशिकमधल्या एका चकलीच्या ऑर्डरचं प्रकरण

नाशिकच्या सिडको भागातल्या एका महिला बचत गटाला दिवाळीच्या तोंडावर ४० किलो चकलीची ऑर्डर मिळाली. सातपूरच्या एका कारखान्याला कामगारांना मिठाईऐवजी फराळ द्यायचा होता, पाव किलोच्या १६० पाकिटांत. गट नवखा नव्हता. गटातल्या ज्येष्ठ काकूंच्या हातच्या चकलीवर आसपासच्या कॉलन्यांत बऱ्यापैकी नाव झालेलं होतं. पण एका वेळेला दोन-अडीच किलोच्या वर भाजणी त्यांनी कधी केली नव्हती, आणि जी केली ती नेहमी वाटीनं मोजून.

काकूंचं प्रमाण असं: तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची डाळ एक, जाडे पोहे एक, धने अर्धी वाटी, जिरे पाव वाटी. दळून आल्यावर चार वाट्या भाजणीला तीन वाट्या पाणी आणि पाव वाटी तेलाचं मोहन. तिखट, मीठ, तीळ, ओवा अंदाजानं.

किराणा मात्र रविवार कारंज्यावरच्या घाऊक दुकानातून किलोनं यायचा होता. यादी करताना सगळ्यांत सोपं वाटलं ते केलं: वाटी खोडून किलो लिहिलं आणि सगळं दुप्पट केलं. तांदूळ ८ किलो, हरभरा डाळ ४, उडीद डाळ २, पोहे २, धने १ किलो, जिरे अर्धा किलो. एकूण साडेसतरा किलो. धुणं, सावलीत वाळवणं, भाजणं, गिरणी, सगळं नेहमीसारखंच झालं.

पहिल्या दिवशी पिशवीतलंच थोडं पीठ काढून चव बघायला एक लहान घाणा केला. चकली काळपट झाली, धन्याचा वास चढला आणि हातात घेताच भुगा व्हायला लागला. दुसऱ्या दिवशी मोठं पातेलं चढवलं तेव्हा वेगळंच झालं. उकड सैल पडली, सोऱ्यातून पडलेल्या चकलीला काटा नाही, तळताना तेल प्यायली आणि संध्याकाळपर्यंत मऊ. गिरणीवाल्यानं आधी गहू दळला असणार, असं एकीचं मत. तांदूळ नवा होता, असं दुसरीचं. तेलाचा ब्रँड बदलला होता, तेही निघालं.

मी अंबडच्या एका खाद्यपदार्थाच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम केलेलं असल्यामुळे गटातल्या एका वहिनींनी मला बोलावलं. चर्चेत दोन्ही दिवसांच्या तक्रारी एकत्र कालवल्या गेल्या होत्या, आणि गोंधळाचं मूळ तिथेच होतं. काळपटपणा, वास आणि ठिसूळपणा हा एक बिघाड. सैल उकड आणि तेल पिणं हा दुसरा. पहिला भाजणी बनवताना झाला, दुसरा उकड काढताना. दोन्हींच्या मुळाशी वजन आणि आकारमान यांची अदलाबदल होती, पण ती दोन वेगळ्या ठिकाणी झाली होती.

वाटी वजनावर ठेवली

काकूंचं पहिलं म्हणणं, "अगं, वाटी म्हणजे वाटी. त्यात मोजायचं काय?" त्यांची वाटी स्टीलची, बुडाशी जरा निमुळती, त्यांच्या लग्नातली. ती इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला आणि काठोकाठ पाणी भरलं. काटा १८० ग्रॅमवर थांबला. एक मिलिलिटर पाणी जवळपास एक ग्रॅम भरतं, म्हणजे वाटी १८० मिलिलिटरची. घरातल्या कुठल्याही भांड्याचं माप काढायला याहून जास्त काही लागत नाही.

मग वाटी कोरडी करून एकेक जिन्नस भरला, सुरीच्या पाठीनं सपाट केला आणि तोलला. तांदूळ १५० ग्रॅम. हरभरा डाळ १५०. उडीद डाळही तेवढीच, इकडेतिकडे एक-दोन ग्रॅम. इथपर्यंत काकू जिंकत होत्या. तांदूळ आणि डाळी यांच्यापुरतं चार वाट्यांचं चार किलो केलं तरी खरंच काही बिघडत नाही, कारण दाणे सारखेच टणक आणि मधली मोकळी जागाही साधारण सारखी. मग पोहे आले: ६५ ग्रॅम. धने ६०. जिरे ८०.

पोहे चपटे आणि वाकडेतिकडे असतात, एकमेकांवर आडवे पडून मध्ये हवा धरून ठेवतात. धन्याचा दाणा आतून पोकळच असतो. वाटी दिसायला तेवढीच भरते, वजन निम्म्याहून कमी. "एक वाटी पोहे" या शब्दांनी काकूंच्या हातून भाजणीत ६५ ग्रॅम पडत होते. यादीत आठ किलो तांदळाला त्याचे दोन किलो झाले, म्हणजे तांदळाच्या पाव पट. काकूंच्या भाजणीत पोहे तांदळाच्या जेमतेम एक नवमांश असतात.

वाट्यांचं प्रमाण वजनात मांडलं ते असं: तांदूळ ६०० ग्रॅम, हरभरा डाळ ३००, उडीद डाळ १५०, पोहे ६५, धने ३०, जिरे २०. एकूण १,१६५ ग्रॅम. याच हिशेबानं ८ किलो तांदळाला पोहे साधारण ८७० ग्रॅम हवे होते, पडले २ किलो. धने ४०० ग्रॅम हवे होते, पडला १ किलो. जिरे २७० च्या आसपास हवे होते, पडले ५००. चकली काळपट का, वास कशाचा, भुगा का, हे विचारायची गरज उरली नाही.

दळलेल्या भाजणीचं काय करायचं

साडेसतरा किलो पीठ फेकून देणं गटाला परवडणारं नव्हतं. सुदैवानं या चुकीची दिशा चांगली होती. जास्तीचं काढता येत नाही, पण जे कमी पडलं ते वाढवता येतं.

पोहे २ किलो पडलेत, तर त्यांना साजेसा तांदूळ किती? ६५ ग्रॅमला ६००, म्हणजे २ किलोला सुमारे साडेअठरा किलो. आठ आधीच होता, म्हणून आणखी साडेदहा. त्याच्या निम्मी, सव्वापाच किलो हरभरा डाळ आणि पाव पट, सुमारे २ किलो ६०० ग्रॅम उडीद डाळ. पोहे आणि धने आता अजिबात नाहीत. धन्याचा हिशेब केला तर ७५-८० ग्रॅम जास्त राहतात. छत्तीस किलोत ते कळणार नाहीत म्हणून सोडून दिले. जिरे मात्र उलट शंभरएक ग्रॅम कमी पडत होते, ते वाढवले. दोन दिवसांच्या घाण्यांत थोडी भाजणी संपली होती, तेवढ्या प्रमाणात हे सगळे आकडे कमी केले.

नवा माल वेगळा भाजून, वेगळा दळून आणला आणि दोन्ही पिठं मोठ्या परातीत थोडी थोडी घालून दोनदा चाळली. हे चाळणं महत्त्वाचं. नुसतं वरखाली केलं असतं तर एका घाण्यात जुनी भाजणी आणि दुसऱ्यात नवी आली असती. गटाला ऑर्डरचा निम्मा माल आधी आणि निम्मा नंतर दळायचा होता, तो सगळाच यातून उभा राहिला, कारण तळताना आत गेलेलं तेल आणि मोहन धरून चकलीचं वजन भाजणीपेक्षा बरंच जास्त भरतं.

ही सगळी वजनं कच्च्या मालाची आहेत. तांदूळ-डाळी भाजल्यावर ओलावा जातो आणि वजन उतरतं. पोहे भाजल्यावर फुगतात, म्हणजे वजन कमी आणि आकारमान जास्त. कुणी कच्चा तांदूळ तोलेल आणि भाजलेले पोहे मापेल, तर हाच घोळ नव्या वाटेनं आत येईल. म्हणून गटाच्या वहीत वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: धुण्याआधी, भाजण्याआधी, कोरडं असताना.

पाण्याची गोष्ट वेगळी होती

दुसऱ्या दिवशीची सैल उकड मला पहिल्या चुकीपेक्षा जास्त अभ्यासण्यासारखी वाटली, कारण तिथे वाटीचं किलो कुणी केलंच नव्हतं. चार मापं पीठ, तीन मापं पाणी हे काकूंचंच प्रमाण होतं. वाटीऐवजी दोन लिटरचा डबा घेतला होता इतकंच, आणि त्यानं प्रमाण बदलत नाही. तरी उकड बिघडली.

बदललं होतं ते पीठ. घरी काकू भाजणी आणली की डब्यात दाबून भरतात, आठवडाभर ठेवतात आणि लागेल तशी वाटीनं खणून काढतात. गटानं गिरणीतून आलेलं पीठ चाळलं आणि लगेच हलक्या हातानं डब्यात ओतलं. दोन्ही तऱ्हा तोलून पाहिल्या. डब्यातली बसलेली भाजणी वाटीला १२० ग्रॅम, ताजी चाळलेली ९५.

हिशेब मांडला की चित्र स्पष्ट होतं. काकूंच्या चार वाट्या म्हणजे ४८० ग्रॅम पीठ, त्यांना तीन वाट्या म्हणजे ५४० ग्रॅम पाणी. किलोमागे सव्वा अकराशे ग्रॅम. चाळलेल्या पिठाच्या चार वाट्या ३८० ग्रॅमच, पाणी तेच ५४०. किलोमागे चौदाशे वीस. कागदावर प्रमाण एकच, पण प्रत्यक्षात किलोला जवळपास ३०० ग्रॅम पाणी जास्त. पाणी दाबलं जात नाही, चाळल्यानं फुगत नाही. पीठ दोन्ही करतं. म्हणून पिठाचं माप आणि पाण्याचं माप समोरासमोर ठेवलं की फसायला होतं. त्यात गटातली एक जण डबा सपाट भरत होती आणि दुसरी शिगोशीग, तो फरक वेगळाच.

या प्रकरणातलं माझं ठाम मत इथे सांगतो. धान्य वाटीनं मोजायला हरकत नाही. पीठ वाटीनं मोजू नये, मग ते भाजणी असो, बेसन असो की मैदा. घरच्या चार माणसांच्या स्वयंपाकात हात सांभाळून घेतो, पण दहा किलोला हात पुरत नाही.

गटाचं नवं प्रमाण ठरलं: १ किलो भाजणी, १,०५० ग्रॅम पाणी आणि जवळ वाडग्यात आणखी ७५ ग्रॅम गरम पाणी, मळताना लागेल तसं. पाणीही काट्यावरच, उकळण्याआधी. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून कुणी तिखट शोधायला गेलं की बरीच वाफ निघून जाते, म्हणून पहिली उकळी आली की गॅस बंद, भाजणी आत आणि झाकण.

मोहनाचं काय? पाव वाटी तेल म्हणजे ४५ मिलिलिटर. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण ९१० ग्रॅम, म्हणून ते ४१ ग्रॅम भरतं. किलो भाजणीला ८५ ग्रॅमच्या आसपास. इथे कुणी मिलिलिटर आणि ग्रॅम एकच धरले तरी चकलीला सात-आठ ग्रॅमनं फरक पडत नाही.

तेलाचा घोळ चकलीत नसला तरी हिशेबात होता. बाजारात १५ किलोचा डबा मिळतो आणि १५ लिटरचाही, दोन्ही शेजारी शेजारी, दिसायला सारखेच. १५ लिटरच्या डब्यात तेल साडेतेरा किलोहून थोडंसंच जास्त असतं. गट दरांची तुलना डब्यागणिक करत होता, आणि स्वस्त म्हणून घेतलेला डबा किलोमागे महाग पडत होता. तापमान वाढलं की तेल प्रसरण पावतं आणि तेवढ्याच लिटरमध्ये वजन कमी बसतं. याच कारणावरून केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये तेल कंपन्यांना तापमानाचा उल्लेख न करता आकारमानासोबत वजनही छापायला सांगितलं. पिशवीवर दोन्ही आकडे असतात. बघायचा तो ग्रॅमचा.

मोबाइलवरचा तक्ता

गटातल्या एका ताईच्या मुलीनं पहिल्याच दिवशी मोबाइलवर कप आणि ग्रॅमचा तक्ता काढून दाखवला होता. तो कुणी ऐकला नाही, आणि ते एका अर्थी बरंच झालं. तक्ता चुकीचा नव्हता, पण तो दुसऱ्या कुणाच्या कपाचा होता. अमेरिकेतला कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, मेट्रिक कप २५० चा, जपानी कप २०० चा. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटर, ऑस्ट्रेलियात २०. काकूंची वाटी यातल्या कशाशीच जुळत नाही आणि जुळायचं काही कारणही नाही.

सगळे जिन्नस एकाच वाटीनं मोजले तर वाटी किती मोठी हा प्रश्न येतच नाही, प्रमाण टिकतं. अडचण अर्धी कृती वाटीत आणि अर्धी किलोत चालवली की होते. तक्त्यातला तांदूळ १८५ ग्रॅम कपाला, तो आकडा उचलून काकूंच्या वाटीला लावला आणि पाणी मात्र त्याच वाटीनं घेतलं, तर नवाच बिघाड तयार. परक्या तक्त्याचा उपयोग एवढाच, की आपला आकडा भलतीकडे तर गेला नाही ना हे पडताळायचं.

गटातल्या एक आजी दिंडोरीकडच्या. त्यांना हे सगळं ऐकून हसू आलं. त्यांच्या लहानपणी घरात चिपटं, मापटं, शेर, पायली: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ती मापाची भांडी. दुकानात मात्र शेर वजनाचा, ८० तोळ्यांचा, आजच्या ९३३ ग्रॅमचा. एकच शेर धान्याला माप आणि गुळाला वजन. १९५६ च्या कायद्यानं दशमान वजनमापं आली आणि शेर गेला, गोंधळ मात्र स्वयंपाकघरात राहिला.

काटा कुठला

गटाकडे दुकानातला दहा किलोचा काटा होता, पाच ग्रॅमच्या टप्प्यानं आकडा दाखवणारा. पिठाला तो चांगला. त्यावर वीस ग्रॅम जिरे तोलायला गेलं तर चुकीला वावच जास्त, म्हणून एक ग्रॅमचा लहान काटा घेतला. तो खरा आहे की नाही हे पाहायला दहा रुपयांची दहा नाणी पुरतात: एक नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं, दहा मिळून सुमारे ७७. काटा सपाट ओट्यावर आणि पंखा बंद. पंख्याच्या झोतात शेवटचा आकडा नाचतो.

मीठ-तिखटाचे चमचे शेवटपर्यंत वादाचे राहिले. काकूंचा चमचा पोह्यांचा, गटाचा चमचा चहाचा. बारीक मीठ पाच मिलिलिटरच्या मापाच्या चमच्यात सहा ग्रॅम भरतं, जाडं मीठ त्याहून कमी. शेवटी काकूंना डोळे मिटून नेहमीसारखं मीठ घालायला सांगितलं, फक्त बरणी काट्यावर ठेवून. घातल्यावर बरणीचं जेवढं वजन घटलं तेवढं त्यांचं मीठ. किलो भाजणीला २० ग्रॅम निघालं. तिखट, तीळ, ओवा, सगळं याच रीतीनं.

चकली वेळेवर गेली. पाकिटांसाठी मात्र लहान काटा चालत नाही. विक्रीचं वजन करायला वैधमापन विभागानं पडताळून शिक्का मारलेला काटा लागतो आणि पाकिटावर निव्वळ वजन छापावं लागतं, म्हणून ते काम मोठ्या काट्यावरच झालं. पाण्याचा शेवटचा हात अजूनही काकूंचाच असतो. नवा तांदूळ आणि जुना तांदूळ सारखं पाणी घेत नाहीत, आणि ते काट्याला कळत नाही.

गटाची पुढची अडचण शंकरपाळ्यांची आहे. एक वाटी तूप, एक वाटी साखर, एक वाटी दूध आणि मावेल तेवढा मैदा. त्याच वाटीत पातळ तूप १६४ ग्रॅम, साखर १५० च्या आसपास, दूध १८५. इथवर सोपं. "मावेल तेवढा" याचं वजन कुठल्याही तक्त्यात मिळणार नाही. त्यासाठी काकूंसमोर दोन किलो मैद्याचं पातेलं तोलून ठेवायचं, त्यांना हवा तेवढा घेऊ द्यायचा आणि पीठ मळून झालं की पातेलं पुन्हा तोलायचं.